व्हिडिओसाठी दिवे घ्यायचेत: वॅट बघू, सीआरआय बघू, की आधी खोली?

माजघर

नमस्कार मंडळी,

भरतकाम शिकवणारे व्हिडिओ सुरू करायचे आहेत. निम्मा भाग कॅमेऱ्याकडे बघून बोलण्याचा, निम्मा वरून घेतलेला, म्हणजे टेबल, हात आणि कापड. खोली १० बाय १२ फुटांची, छत ९ फूट, भिंती पांढऱ्या. एका बाजूला मोठी खिडकी आहे. बोलण्याच्या भागासाठी साधा मिररलेस कॅमेरा, वरच्या भागासाठी फोन. चष्मा आहे आणि तो काढता येणार नाही.

यादीत सध्या चार गोष्टी आहेत:
१. १८ इंची रिंग लाइट
२. दोन बायकलर (पिवळा आणि पांढरा दोन्ही उजेड देणारे) एलईडी पॅनेल, स्टँडसकट संच
३. १०० वॅटचा एक सीओबी दिवा (एकाच ठिकाणी दाटीने एलईडी बसवलेला) आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी)
४. आरजीबी (रंगीत उजेडाच्या) ट्यूब दोन

चारही खोक्यांवर 'सीआरआय ९५+' (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. आधी काय घ्यावं, आणि आकडे नक्की कोणते बघावेत?

---

तिरीप

आधी तिसरा पर्याय घ्या. बाकीचे तीन सध्या बाजूला ठेवा. कारणं सविस्तर सांगतो.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. चेहऱ्यावर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात, आणि तो आकडा अंतरासोबत दिलेला असेल तरच उपयोगाचा. बहुतेक कंपन्या १ मीटरवरचे लक्स छापतात, पण ते बहुधा धातूचा रिफ्लेक्टर लावून मोजलेले असतात. रिफ्लेक्टर सगळा उजेड एका अरुंद झोतात कोंबतो. त्याच दिव्याला सॉफ्टबॉक्स लावला की २०,००० लक्सचे दीड-दोन हजार होतात. यात फसवणूक काही नाही, दोन वेगळ्या मोजण्या आहेत. म्हणून दोन दिव्यांची तुलना करताना दोन्हीचे आकडे रिफ्लेक्टरसह किंवा दोन्हीचे रिफ्लेक्टरशिवाय आहेत ना, एवढं पाहून घ्या.

आता तुम्हाला लागतं किती? शटर १/५० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० असेल तर चेहऱ्यावर साधारण २५० ते ३०० लक्स पुरतात. एफ/४ ला त्याच्या दुप्पट. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याच्या व्हिडिओला ६० वॅटचा चांगला सीओबी सॉफ्टबॉक्समधूनही पुरून उरतो. १०० वॅटचा घेतलात तर तो ३०–४० टक्क्यांवर चालेल, पंखा हळू फिरेल आणि खिडकीच्या उजेडाशी जुळवून घ्यायला जागा राहील. २०० किंवा ३०० वॅटचा या खोलीत घेऊ नका.

खरा खर्च आकारावर करा. सावलीची कडा मऊ पडणार की टोकदार, हे दिवा किती मोठा 'दिसतो' त्यावर ठरतं. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवला तर नाकाची सावली मऊ पडते. तोच ३ मीटरवर नेला की सावलीला धार येते. दिवा तोच, फक्त लांब नेल्यामुळे चेहऱ्याच्या दृष्टीने तो लहान झाला.

जवळ ठेवण्याचा दुसरा फायदा मागच्या भिंतीचा. दिवा चेहऱ्यापासून १ मीटर आणि भिंत दिव्यापासून ३ मीटर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या सुमारे एक नवमांश उजेड पडतो, म्हणजे जवळपास तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढरी भिंत आपोआप राखाडी होते आणि माणूस पुढे उठून दिसतो. (दिवा अगदी टेकवून ठेवला तर अंतराच्या वर्गाचा हा नियम (अंतर तिप्पट, उजेड एक नवमांश) तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे.)

---

वर्णपट

वर लक्स आणि आकाराचं छान आलं आहे. रंगाबद्दल मी लिहिते.

'सीआरआय ९५+' हा आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे, आर १ ते आर ८. गडद लाल रंग, म्हणजे आर ९, त्या सरासरीत धरलेलाच नाही. आणि माणसाच्या त्वचेत, ओठांत, तुमच्या बाबतीत लाल-मरून धाग्यांत सगळी मदार त्याच लालवर असते. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा फॉस्फरचा थर त्या निळ्यातला काही भाग पिवळ्या-लालमध्ये बदलतो. थर स्वस्तातला असला की लालचं टोक कमी पडतं. मग सीआरआय चांगला असूनही चेहरा मातकट दिसतो आणि कुंकवाच्या रंगाचा धागा विटकरी दिसतो.

म्हणून माहितीपत्रकात आर ९ वेगळा दिला आहे का ते बघा. ९० च्या वर असेल तर उत्तम, ८० च्या वर चालेल, दिलाच नसेल तर शंका घ्या. दुसरा आकडा टीएलसीआय. सीआरआय माणसाच्या डोळ्यासाठी बनला, टीएलसीआय कॅमेऱ्याच्या दृष्टीने. तो ९५ च्या पुढे हवा.

दुसरी गोष्ट हिरवट झाक. दोन दिव्यांवर '५६०० के' लिहिलेलं असलं तरी एक किंचित हिरवा, दुसरा किंचित गुलाबी असू शकतो. केल्विनचा (के) आकडा फक्त निळा-पिवळा हा अक्ष सांगतो, हिरवा-गुलाबी अक्ष त्यात येतच नाही. एकच दिवा असेल तर ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे राखाडी पुठ्ठा दाखवून कॅमेऱ्याला रंग ठरवून दिला, की झाक निघून जाते. दोन वेगवेगळ्या बनावटीचे दिवे चेहऱ्याच्या दोन बाजूंना लावले की मात्र एक गाल हिरवा उरतोच, आणि एडिटिंगमध्ये तो सुटत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. दुसरा दिवा कधी घेतलात तर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला घ्या. झाक असलेला दिवा आधीच घरात असेल तर त्यावर पाव ताकदीचं मायनस ग्रीन जेल (हिरवी झाक काढणारा पारदर्शक रंगीत कागद) लावून बघा.

---

पूर्वेची_खिडकी

खिडकी मोठी आहे तर दिव्याआधी तिचाच विचार का करू नये? पांढरा पातळ पडदा लावला की दीड मीटरचा सॉफ्टबॉक्स तयार. रंगाच्या बाबतीत तिच्या तोडीचा एलईडी अजून मिळत नाही.

---

तिरीप

@पूर्वेची_खिडकी, रंगाबद्दल शंभर टक्के मान्य. अडचण सातत्याची आहे. भरतकामाचा एक टाका शिकवायला पाऊण तास लागणार, तेवढ्यात एक ढग येऊन गेला तरी दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो. कापलेले तुकडे जोडताना कापड मध्येच अंधारून येतं. सकाळी, दुपारी आणि सावलीत रंगही वेगळा: थेट ऊन ५५०० के च्या आसपास, तर निव्वळ आभाळाचा उजेड ७००० के च्या पुढे.

१०–१५ मिनिटांचं सलग बोलणं असेल तर खिडकी जरूर वापरावी. तेव्हा दिवा ५६०० के वर ठेवून खिडकीच्याच बाजूने लावायचा, म्हणजे ढग आला तरी सावल्यांची दिशा बदलत नाही. टाक्यांच्या भागासाठी जाड पडदा ओढून खोली पूर्ण आपल्या ताब्यात घ्यावी.

आणि काहीही केलंत तरी छतावरचा घरगुती दिवा बंद. त्याचा रंग वेगळा असतो आणि तो डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पाडतो.

---

माजघर

सगळ्यांचे आभार, खूप स्पष्ट झालं. तीन उपप्रश्न:

१. मैत्रिणीचा एलईडी पॅनेल लावून फोनवर चाचणी घेतली तर चित्रात आडवे काळपट पट्टे सरकताना दिसले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पॅनेल खराब आहे का?
२. चष्म्यात दिवा दिसतो, त्याचं काय?
३. पंख्याचा आवाज माइकमध्ये येईल का?

---

कवडसा

पट्ट्यांबद्दल. याची कारणं दोन असतात आणि उपाय वेगवेगळे.

पहिलं कारण घरातल्या विजेचं. ५० हर्ट्झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळी-ओळीने वाचतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक ओळीला पूर्ण हेलकावे मिळतात आणि सगळ्या ओळी सारख्या उजळतात. शटर १/१२५ किंवा १/२०० झालं की काही ओळी हेलकाव्याच्या माथ्यावर सापडतात, काही तळाशी. तेच पट्टे. म्हणून ५० हर्ट्झच्या देशांत २५ फ्रेम आणि १/५०, तर ६० हर्ट्झच्या देशांत ३० फ्रेम आणि १/६०.

दुसरं कारण दिव्याचं स्वतःचं. उजेड कमी करायला बरेच पॅनेल एलईडी भराभर बंद-चालू करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हा वेग कमी असेल तर पट्टे दिसतात, आणि दिवा १०–२० टक्क्यांवर उतरवला की जास्तच. पूर्ण १०० टक्क्यांवर अनेकदा काहीच दिसत नाही, त्यामुळे दुकानातल्या चाचणीत हा दोष निसटतो.

आता फोन. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र एफ/१.८ च्या आसपास असतं आणि बहुतेक फोनमध्ये ते बदलता येत नाही. १/५० आणि आयएसओ १०० ला त्याला ४००–५०० लक्स पुरतात. तुम्ही टेबलावर २,००० लक्स ओतलेत की फोनला उजेड आवरायला शटर वेगवान करण्याशिवाय मार्ग राहत नाही. तो गुपचूप १/२०० वर जातो आणि पट्टे सुरू. म्हणजे दिवा जास्त झाल्यामुळेही हा त्रास होतो. मॅन्युअल व्हिडिओ ॲप घ्या, शटर १/५० वर कुलूपबंद करा, आणि तरीही चित्र पांढरंफटक येत असेल तर दिवा मागे न्या, आणखी एक कापड लावा किंवा लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा.

मैत्रिणीचा पॅनेल दोषी आहे की शटर, हे ठरवायला: बाकी दिवे बंद करा, पांढऱ्या भिंतीवर पॅनेलचा उजेड टाका, फोन स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर लावा, आणि १००, ५०, २५, १० अशा टक्क्यांवर प्रत्येकी पाच सेकंद घ्या. भिंत चारही ठिकाणी स्थिर दिसली तर पॅनेल चांगला; पट्टे घरातल्या दुसऱ्या दिव्याचे होते आणि शटर चुकलं होतं.

---

तिरीप

चष्म्याचं: काच आरशासारखीच वागते, ज्या कोनात उजेड आला त्याच कोनात परत जातो. दिवा डोळ्यांच्या रेषेत असेल तर प्रतिबिंब थेट लेन्समध्ये. दिवा वर चढवा, त्याचा मध्य डोळ्यांपासून सुमारे ४५ अंश वर येईपर्यंत, आणि खाली तिरका करा. परावर्तित झोत मग लेन्सच्या खाली उतरतो. तरीही काचेच्या वरच्या कोपऱ्यात सॉफ्टबॉक्सची पांढरी कडा उरली तर दांड्या कानांवर ३–४ मिलिमीटर उचला. काच तेवढीच पुढे झुकते आणि कडा सरकून फ्रेमच्या मागे जाते. प्लस नंबरच्या फुगीर काचा जास्त रुंद परिसर दाखवतात, त्यांना दिवा आणखी बाजूलाही न्यावा लागतो.

दिवा वर गेल्यावर हनुवटीखाली अंधार येणारच. त्यासाठी टेबलावर, फ्रेमच्या बाहेर, पांढरी फोम शीट आडवी ठेवा. दुसऱ्या दिव्याची गरज नाही.

रिंग लाइट नको म्हणालो ते यासाठीच. तो लेन्सच्या भोवती असतो, त्यामुळे चष्म्यात हमखास पांढरं कडं दिसतं, आणि समोरून सरळ पडल्यामुळे चेहऱ्याचा उठाव जातो. मेकअप जवळून दाखवायचा असेल तर तो योग्य, कारण तिथे सावली नकोच असते.

पंखा: कार्डिऑइड माइक असेल तर त्याची पाठ दिव्याकडे करा, मागून येणारा आवाज तो सर्वात कमी पकडतो. शिवाय १०० वॅटचा दिवा ४० टक्क्यांवर असेल तर पंखा जेमतेम फिरतो. काही दिव्यांना 'सायलेंट' मोड असतो. त्यात उजेडाची कमाल मर्यादा खाली येते, तुमच्या कामाला ती आड येणार नाही.

---

तिपाई

दिव्यावर सगळे बोलतात, स्टँडवर कोणी नाही. संचासोबत येणारे हलके स्टँड पॅनेलपुरते ठीक. सीओबी दिवा आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स मिळून तीन-साडेतीन किलो सहज होतात, आणि त्यातलं बरंचसं वजन स्टँडच्या पुढे लोंबतं. २.६–२.८ मीटरचा, हवेच्या गादीचा स्टँड घ्या, म्हणजे कळ चुकून सैल झाली तरी दिवा धाडकन खाली येत नाही. तीन पायांपैकी एक पाय सॉफ्टबॉक्सच्या बरोबर खाली, त्याच दिशेला हवा. वाळूची ४–५ किलोची पिशवी मागच्या पायावर, जमिनीला न टेकणारी.

सांधे जुळतात का हे आधी तपासा. स्टँडचं टोक १६ मिलिमीटरचं असतं, दिव्याचा कान त्यावर बसतो. सॉफ्टबॉक्ससाठी बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची एक प्रचलित खाच) असलेला दिवा घ्या, त्याला बहुतेक कंपन्यांची साधनं चालतात. स्वतःचा वेगळाच माउंट असलेल्या छोट्या दिव्यांना अडॅप्टर लागतो, आणि मोठा सॉफ्टबॉक्स त्या अडॅप्टरवर हळूहळू खाली मान टाकतो.

तुमच्या खोलीसाठी आणखी एक. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स ४५–६० सेंटिमीटर खोल असतो, मागे दिवा ३० सेंटिमीटरचा, आणि स्टँडचे पाय मीटरभर पसरतात. १० फुटी रुंदीत १२० सेंटिमीटरचा आणलात तर वावरायला जागा उरणार नाही. कमी खोलीचा ९० चाच घ्या. कागदावर खोलीचा नकाशा काढून पायांचं वर्तुळ आखून बघा, मगच मागवा.

वरून फोन लावायला एका स्टँडवर आडवा दांडा बांधू नका. टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन स्टँड आणि मध्ये आडवी नळी, जशी पडद्याच्या पार्श्वभूमीला असते, तशी रचना करा. कलंडायचा प्रश्नच येत नाही. फोनला वेगळी सुरक्षा दोरी बांधाच, खाली तुमचे हात असणार आहेत.

---

सुईदोरा

वरच्या शॉटबद्दल, कारण भरतकामात खरी गंमत तिथेच आहे.

समोरून किंवा बरोबर वरून उजेड टाकला तर टाके सपाट दिसतात. साखळी टाका आणि छापील रेघ यांत फरक कळत नाही. दिवा टेबलाच्या पातळीपासून २०–३० अंशांवर, तिरपा हवा. प्रत्येक टाक्याची एका बाजूला बारीक सावली पडते आणि धागा कापडावर उचललेला दिसतो. गाठी टाक्यात तर ती सावलीच गाठ दाखवते.

दिशा कामाच्या हातावर ठरते. उजव्या हाताने शिवत असाल तर दिवा डावीकडे आणि थोडा समोर, म्हणजे तुमच्या बसण्याच्या पलीकडच्या बाजूला. हाताची सावली मग उजवीकडे, स्वतःच्या दिशेने पडते आणि सुईचं टोक उजेडात राहतं. दिवा उजवीकडे असेल तर मुठीची सावली नेमकी त्या भोकावर येते जिथून सुई वर काढायची आहे, आणि शिकणाऱ्याला पाहायची असते तेवढीच जागा काळी होते. डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं. उजवीकडे पांढरी शीट उभी ठेवा, कापडापासून ३०–४० सेंटिमीटरवर. सावली राहते पण काळीकुट्ट होत नाही.

रेशमी धागा चकाकतो. लहान दिव्याखाली त्यावर पांढरे ठिपके येतात आणि त्या ठिपक्यांत रंगच उरत नाही. मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली तीच चकाकी लांब, मऊ पट्टी बनते आणि धाग्याचा पीळ दिसतो. जरीचा धागा आणि कापडावरचे आरसे तर पूर्ण आरसेच. त्यांत समोरची वस्तू दिसते, म्हणून त्यांच्यासमोर पांढरी शीट असू द्या, नाहीतर त्यात काळोखी खोली दिसून जरीचा धागा काळा पडतो.

एक्सपोजर आणि फोकस दोन्ही कुलूपबंद. नाहीतर हात चौकटीत आला की कापड उजळतं, हात गेला की अंधारतं. काळ्या कापडावर फोनला स्वतःचं ठरवू दिलंत तर तो कापड राखाडी करतो आणि पिवळा धागा पांढरा. ग्रे कार्ड ठेवून मोजा, मग कार्ड काढून काम सुरू करा.

---

माजघर

@सुईदोरा, दिवा पलीकडच्या बाजूला ठेवायचं कधी सुचलंच नसतं. मग एकच सीओबी दोन्ही कामांना फिरवता येईल असं दिसतं. शेवटचं: बायकलर घ्यावा की फक्त डेलाइट? आणि आरजीबी ट्यूब कधी?

---

वर्णपट

तुमच्या कामाला फक्त डेलाइट (दिवसासारखा पांढरा). बायकलरमध्ये पिवळे आणि पांढरे असे दोन प्रकारचे एलईडी असतात. ५६०० के वर मुख्यतः पांढरेच जळतात, म्हणजे त्याच वॅटमध्ये हाती येणारा उजेड बहुधा कमी. खोलीत पिवळे दिवे चालू ठेवूनच चित्रण करायचं असेल तर बायकलर घ्यावा. तुम्ही ते बंद करणार आहात. कधी गरज पडलीच तर डेलाइटवर फुल सीटीओ (नारिंगी) जेल लावून ३२०० के च्या जवळ जाता येतं, साधारण पाऊण स्टॉप उजेड जातो. उलट बाजूने, पिवळ्याचा डेलाइट करायला निळं जेल लावलं तर दीड स्टॉपच्या वर जातो.

ट्यूब सगळ्यात शेवटी. तीही एकच, मागच्या भिंतीवर. गडद निळा किंवा लाल लावताना कॅमेऱ्याचा तेवढाच एक रंगमार्ग (लाल, हिरवा, निळा यांपैकी) भरून वाहतो आणि भिंतीवर पोत नसलेला रंगाचा डाग पडतो. रंगाची तीव्रता ६०–७० टक्क्यांवर आणा, दिवा मंद करा.

---

कवडसा

दिवा हातात आला की पहिल्याच दिवशी, परतीची मुदत चालू असताना, हे करून घ्या.

भिंतीवरची २४० फ्रेमची चाचणी, वर लिहिली तशी. मग १०० टक्क्यांवर सलग एक तास चालू ठेवून सुरुवातीला आणि शेवटी, त्याच शटर आणि आयएसओवर, ग्रे कार्डाचा एकेक फोटो. तापल्यावर उजेड किंवा रंग सरकला असेल तर दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. तिसरा फोटो तुमच्या लाल, मरून, राणी आणि केशरी धाग्यांच्या लडींचा, एकदा दुपारी खिडकीपाशी सावलीत आणि एकदा दिव्याखाली, दोन्ही वेळा ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्स घेऊन. मरून आणि विटकरी एकमेकांत मिसळत असतील तर दिवा परत करा, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

सॉफ्टबॉक्स लावून दिवा खाली झुकवा आणि तासभर तसाच ठेवा. तिरकेपणाची कळ सरकते का ते याच चाचणीत कळतं. सरकत असेल तर कळ करकचून आवळत बसू नका, दाते झिजतात. तो दिवा त्या सॉफ्टबॉक्सच्या वजनाचा नाही.

---

तिपाई

@कवडसा यांच्या यादीत अडॅप्टरची वीट (विजेच्या तारेतला जड ठोकळा) घाला. १०० वॅटच्या बऱ्याच दिव्यांना ती वेगळी असते आणि तारेवर लोंबत ठेवली की जोडणी सैल होऊन दिवा मध्येच लुकलुकतो. स्टँडच्या खालच्या भागाला पट्ट्याने बांधा, वजन म्हणूनही कामी येते. दिव्याकडे जाणाऱ्या तारेला वरच्या कळीपाशी थोडा झोल ठेवा, म्हणजे उंची बदलताना ती ताणली जाणार नाही.